गणेशपट्टीतला रुपया

रमण मेस्त्रीने आयुष्यात किती दारं केली याची मोजदाद त्याच्याकडे नव्हती, आणि सुताराने ती ठेवूही नये. मस्कतच्या वादी कबीर भागातल्या त्याच्या वर्कशॉपमधून वीस वर्षांत फ्लॅटची, दुकानांची, शाळांच्या बाथरूमची अशी ढिगाने दारं बाहेर पडली, आणि त्यातलं एकही तो पुन्हा बघायला गेला नाही. ओमानमधल्याच इब्रा गावच्या हाफिजाबाईंच्या घराचं दार तेवढं वेगळं. त्याची गोष्ट त्याने घरात इतक्यांदा सांगितली होती की बायको रेवा म्हणायची, "आता त्या दाराचं नाव रेशनकार्डावर घाला."

यंदा ते दार पुन्हा बघायचा योग आला तो पूर्वामुळे. पूर्वा ही रमणची एकुलती एक मुलगी, मस्कतमध्येच वाढलेली. बारावीची परीक्षा झाली होती आणि पुढे पुण्याला आर्किटेक्चर शिकायला जायचं होतं. वडील काय करतात असं शाळेत कोणी विचारलं की ती "इंटिरियर्स" म्हणायची, हे रमणला ठाऊक होतं. त्याला राग नव्हता, पण बोटात शिरलेलं कुसळ दिसत नसलं तरी हात लागला की कळतंच. आणि एक दिवस हीच पोरगी स्केचबुक घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "बाबा, कॉलेजला पोर्टफोलिओ द्यायचाय. लास्ट पेजवर मला तुमचं दार काढायचंय. खाली तुमचं नाव लिहिणार." रमणने त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

रेवा देवरूखला गेली होती, सासूबाईंच्या म्हणजे गंगुबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. तेव्हा बापलेक दोघंच निघाले. हाफिजाबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "बुकिंग क्या? तेरा घर है, यल्ला, आ जा."

तेरा घर है, हे नुसतं तोंडदेखलं नव्हतं, निदान एके काळी तरी नव्हतं. २०१३ साली नवरा गेल्यावर हाफिजाबाईंनी इब्र्याच्या जुन्या मोहल्ल्यातलं, आजेसासऱ्यांच्या वेळचं दुमजली मातीचं घर पुन्हा उभं करायला काढलं. हा आजेसासरा झांझिबारला व्यापार करायचा. पडक्या भिंती सारवून त्यात सहा खोल्यांचं गेस्टहाऊस करायचं बाईंच्या मनात होतं. जुन्या दाराची वाळवीने भुकटी केली होती, ती रमणने स्वतःच्या हाताने झाडून बाहेर टाकली. मग चार महिने तो त्याच घरात राहिला आणि सागाच्या लाकडात नवं दार कोरलं. रमण गोमांस खात नाही म्हणून चार महिने त्या घरात ते शिजलं नाही. बाई त्याला 'वलदी' म्हणायच्या, म्हणजे माझ्या मुला. आणि तिकडच्या रीतीप्रमाणे तो त्यांना 'मामा', म्हणजे आई, म्हणायचा. पन्नाशीच्या बाईला मामा म्हणताना सुरुवातीचे दोन दिवस त्याची जीभ अडखळली, मग सवय झाली. बाईंची मुलगी सफिया तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. रंध्यातून निघालेल्या लाकडाच्या सालपटांच्या बांगड्या करून ती घरभर मिरवायची.

आता मुख्य गोष्ट. रमणच्या घराण्यात एक रीत होती. चौकट उभी करताना तिच्या वरच्या आडव्या लाकडात, गणेशपट्टीत, हळदकुंकू लावलेला रुपया ठेवल्याशिवाय दार बसवायचं नाही. मस्कतमध्ये प्लायवूडच्या दारांना कसली आली गणेशपट्टी? तिथे ही रीत त्याने कधीच सोडून दिली होती. इथे मात्र त्याने आईने दिलेला त्याच सालचा कोरा रुपया जपून ठेवला होता. गणेशपट्टीवर त्याने सात फुलं कोरली, आणि मधलं फूल असं बसवलं की डावीकडे किंचित फिरवलं तर अलगद हातात यावं. त्यामागे वाटीएवढी जागा होती. रमण भीत भीत विचारायला गेला, कारण घर मुसलमानाचं होतं. हाफिजाबाई ऐकून हसल्या, आत गेल्या आणि निकाहात मिळालेल्या आपल्या मेहेरातलं एक चांदीचं जाडजूड नाणं घेऊन आल्या. त्यावर कुठल्याशा गोऱ्या राणीचं तोंड होतं. "तुम्हारी माँ का पैसा अकेला क्यों रहेगा?" त्या म्हणाल्या. दोन्ही नाणी शेजारी शेजारी ठेवली. फूल कसं फिरवायचं ते त्याने फक्त बाईंना आणि शेजारी बसून बघणाऱ्या सफियाला दाखवलं.

दार नवंकोरं पिवळं दिसत होतं, जुन्या भिंतीत ते उठून दिसे. बाई म्हणाल्या, जरा भिंतीसारखं कर. रमणने गंजके खिळे व्हिनेगरमध्ये आठवडाभर भिजवले, ते काळं पाणी लाकडाला पाजलं, कडा तारेच्या ब्रशने झिजवल्या, हात लागतो तिथे तेल मुरवलं. शंभर वर्षं त्याने दहा दिवसांत आणली. हौसेने केलं हो सगळं, त्यात पाप काय ते त्याला दिसलं नाही.

दुपारी दोघं पोचले तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. थकल्या होत्या, गुडघे धरून चालत होत्या. कहवा झाला, खजूर झाले, हलवा झाला. पूर्वाच्या तोंडावरून हात फिरवून झाला. सफिया आता बावीस वर्षांची होऊन गेस्टहाऊसचा सगळा कारभार बघत होती. तिने त्यांना वरची सगळ्यात चांगली खोली दिली.  पोरीला जे दाखवायचं होतं ते आपसूक दिसतंय असं रमणला वाटलं.

पूर्वा अंगणात वेताचा मोडा टाकून चित्र काढायला बसली. तीन तास उठली नाही. रमण लांबून बघत होता. प्रत्येक वेल, प्रत्येक खिळा ती बघून बघून उतरवत होती. शेवटी तिने खाली पेन्सिलने लिहायला घेतलं. "बाबा, मेस्त्रीमधला स्त्री कसा लिहितात?" रमणने तिच्या हाताला धरून दाखवलं. 'दार: रमण मेस्त्री, २०१३.' अक्षर वाकडंतिकडं होतं, पण त्याच्या डोळ्यांना तेवढं पुरलं.

संध्याकाळी चार परदेशी पाहुणे आले. सफियाने त्यांना दारापाशीच थांबवलं आणि चुरूचुरू इंग्रजीत सांगायला लागली. हे आमच्या घराण्याचं दार. पणजोबांच्या पणजोबांनी झांझिबारहून जहाजावर घालून आणलं. दोनशेच्या वर वर्षं झाली. हात लावून बघा, हे तेल सात पिढ्यांच्या हातांचं आहे. पाहुण्यांनी हात लावला. जिथे रमणने तेल मुरवलं होतं नेमका तिथेच लावला.

पूर्वाची पेन्सिल थांबली. तिने वडिलांकडे बघितलं. रमणला आधी वाटलं, सफिया तेव्हा लहान होती, तिला आठवत नसेल. मग त्याला त्या सालपटांच्या बांगड्या आठवल्या. पूर्वा उठली आणि सरळ ओसरीत बसलेल्या हाफिजाबाईंपाशी गेली. इंग्रजीत विचारावं की हिंदीत, याचा क्षणभर गोंधळ झाला तिचा.

"मामा, ये दरवाज़ा किसने बनाया?"

पाहुणे ऐकत होते. बाईंनी रमणकडे बघितलं. नजर चुकवली असती तरी बरं झालं असतं, पण त्यांनी नीट, मायेने बघितलं. "बेटी, यह तो बड़े लोगों का है. तेरे बाप ने इसका रिपेअर किया था. बहुत अच्छा रिपेअर किया."

 चार परक्या माणसांपुढे म्हाताऱ्या बाईला खोटं पाडायचं, तेही जिचं मीठ खाल्लं तिला, हे रमणच्याने होईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि तो गप्प राहिलेला त्याच्या मुलीने बघितला.

पाहुणे वर गेल्यावर तो स्वयंपाकघरात गेला. बाई तांदूळ निवडत होत्या.

"मामा, आपने ऐसा क्यों बोला? मेरी बेटी के सामने?"

"वलदी, तू घर का आदमी है, तू समझेगा. लोग पुराना देखने आता है. मैं बोलूँ कि वादी कबीर का मिस्त्री बनाया, तो कौन फोटो खींचेगा? सामने वाले का भी गेस्टहाऊस है. उसका दरवाज़ा सच में पुराना है."

"सिर्फ उसको बोल दो. अकेले में."

"बच्चा लोग बोल देता है," बाई म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. "खलास, रमण. खाना खाओ."

रमणला त्या रात्री तो भात गिळवेना. जी बाई आपल्यासाठी चार महिने आपलं ताट बदलते ती असा केसाने गळा कापेल, हे कोणी सांगितलं असतं तर त्यानेच त्याला मारलं असतं. आणि रागवायचं तरी कोणावर? खिळे भिजवले ते आपण. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

वर खोलीत पूर्वा स्केचबुक मिटून बसली होती. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही मेक केलं होतं का रिपेअर? रिपेअर असलं तरी ओके आहे. फक्त खरं सांगा. मी ते कॉलेजला देणार आहे ना."

"मी केलंय."

"मग तुम्ही तिथे का नाही बोललात?"

याला उत्तर होतं, पण ते सतरा वर्षांच्या मुलीला पटण्यासारखं नव्हतं. रमण म्हणाला, "सकाळी दाखवतो. त्या दाराच्या आत माझा रुपया आहे. आजीने दिलेला. त्यावर साल आहे, दोन हजार तेरा." रुपयाची, फुलाची, हळदकुंकवाची सगळी गोष्ट त्याने तिला सांगितली, बाईंच्या नाण्यासकट. पूर्वाचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. "वॉव," ती म्हणाली, "म्हणजे प्रूफ आहे." रमणला हायसं वाटलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला. बाईंना काय सांगायचं ते पाहुण्यांना सांगू देत, आपल्या पोरीला खरं कळलं की झालं. या विचारावर त्याला झोपही लागली.

सकाळी बुधवार होता, बायकांच्या बाजाराचा दिवस. सफिया पाहुण्यांना घेऊन तिकडे गेली. अंगण रिकामं झालं. रमणने स्वयंपाकघरातलं उंच स्टूल आणून दाराखाली ठेवलं आणि वर चढला. पूर्वाने स्टूल धरलं. दुसऱ्या हातात मोबाइल होता, फोटो काढायला.

मधल्या फुलावर त्याने तळहात ठेवला. अकरा वर्षांनी फूल अडेल असं त्याला वाटलं होतं. ते अजिबात अडलं नाही. काल-परवाच कोणी फिरवलं असावं इतक्या सहज ते डावीकडे वळलं आणि हातात आलं.

त्याने बोटं आत घातली. चांदीचं जाड नाणं लागलं. ते काढून त्याने पूर्वाच्या हातात दिलं आणि पुन्हा चाचपलं. डावीकडे, उजवीकडे, पार मागे. मग मोबाइलचा टॉर्च मागून घेतला आणि आत बघितलं. जागा स्वच्छ होती. कोणीतरी ओल्या फडक्याने पुसून काढली होती, हळदीचा कणसुद्धा राहू दिला नव्हता. राणीचं नाणं ठेवायचं आणि आईचा रुपया काढायचा, हे चोराचं काम नव्हे. चोराने चांदी नेली असती. फूल फिरवता येणारी माणसं जगात तीन होती, आणि त्यातला एक स्टुलावर उभा होता.

"बाबा," खालून पूर्वा म्हणाली. तिने नाणं उन्हात धरलं होतं. "याच्यावर सेव्हन्टीन एटी आहे. सतराशे ऐंशी."

तसलं नाणं कधीही पाडलं तरी त्यावर तेच एक साल घालतात, हे रमणला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला फक्त एवढं कळलं की जो पुरावा त्याने स्वतःच्या हाताने पुरला होता तो आता त्याच्यावरच उलटला आहे.

"इथे रुपया होता," तो म्हणाला. "तुझ्या आजीचा. दोन नाणी होती, पूर्वा."

 पूर्वाने स्टूल घट्ट धरून ठेवलं, बाप पडू नये म्हणून. मग ती म्हणाली, अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तशी, "इट्स ओके, बाबा. रिपेअर करताना तुम्हाला हे सापडलं असणार ना. रिपेअर पण खूप छान केलंय तुम्ही."

रागाने बोलली असती तर तो भांडला असता. या समजूतदारपणाशी कसं भांडायचं? त्याने हात खाली केला. तिने नाणं दिलं. त्याने ते होतं तिथे ठेवलं.

हाफिजाबाई कहव्याचा ट्रे घेऊन ओसरीत आल्या होत्या. केव्हा आल्या कोण जाणे. वर उघड्या भोकाकडे, मग त्याच्याकडे त्यांनी बघितलं. ट्रे खाली ठेवला.

"फूल ठीक से लगाना, वलदी," त्या म्हणाल्या. "तेरे जैसा किसी को नहीं आता."

आणि त्याने लावलं. उघडा सांधा तसाच टाकून उतरणं त्याला जमलं नाही. फूल त्याने बोटाने चाचपून जागेवर बसवलं, उजवीकडे फिरवलं, तळहाताने दोनदा थोपटलं. कुठे फट दिसेना.

खाली मोड्यावर पूर्वा स्केचबुक उघडून बसली होती. चित्राच्या खालचं नाव ती खोडत होती. वाकडंतिकडं अक्षर जोर देऊन लिहिलेलं होतं, ते लवकर जाईना, म्हणून ती पुन्हा पुन्हा रबर फिरवत होती.