इंदूरच्या विमानाला केलेला हात

शाकिरभाईंनी मला वीस फुटी लोखंडी खांब फुकट उभा करून दिला, तो मी त्यांच्या मुलीचं विमान दाखवलं म्हणून. ते विमान मी दाखवलंच नव्हतं, एवढी एक बारीक गोष्ट सोडली तर व्यवहार अगदी स्वच्छ होता.

मी भालचंद्र, भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेला माणूस. चौतीस वर्षं जमिनी मोजल्या, म्हणून म्हातारपणी आभाळ मोजायला घेतलं. वरून जाणारं प्रत्येक विमान आपला नंबर, उंची आणि वेग सारखं ओरडून सांगत असतं. ते ऐकायला एक अँटेना, अंगठ्याएवढं डोंगल आणि जुना लॅपटॉप पुरतो. मोबाइलवरही दिसतात म्हणा विमानं, पण ती दुसऱ्याच्या अँटेनानं पकडलेली. शेजारच्या फोडणीच्या वासावर भाकर खाल्ल्यासारखं.

माझा अँटेना गच्चीवर, पाण्याच्या टाकीला बांधलेला होता. टाकी पूर्वेला. पाण्यातून सिग्नल जात नाही, त्यामुळे नागपूरकडून येणारं काहीही मला दिसत नसे. हे मला ठाऊक होतं. तरी जहांआराभाभींना मी सांगितलं, "दाखवतो."

झालं असं, की शाकिरभाई-भाभींची अलफिया नागपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. एका कंपनीनं तिला मुलाखतीसाठी मुंबईला बोलावलं, तेही विमानाचं तिकीट पाठवून. त्या घरातलं कुणीच आजवर विमानात बसलेलं नव्हतं. भाभी विचारायला आल्या.

"भाऊ, ते इमान आपल्या डोणगाववरून जाईन का?"

"डोक्यावरूनच."

"मंग मले पाह्यता येईन?"

"त्यात काय! पडद्यावर पाहा, नाहीतर आभाळात पाहा."

आमची शारदा मागून म्हणाली, "तुमच्या त्या डबड्यात कालपासून कावळासुद्धा दिसला नाही." पण बायकोचं ऐकणारा माणूस छंद करत नाही.

ठरल्या सकाळी पावणेअकराला गच्चीवर सगळी गल्ली. सिंधूताई मोबाइल उगारून उभ्या, किसनराव दुर्बीण घेऊन. पडदा कोरा. अकरा वाजले. पडदा कोराच. भाभी माझ्याकडे बघत होत्या, आभाळाकडे नाही, आणि तेच मला सोसवेना.

तेवढ्यात दक्षिणेकडून एक पांढरी रेघ आली. पडद्यावर अक्षरं उमटली. नंबर ओळखीचा होता, विमान बेंगळूरूहून इंदूरला निघालेलं.

"हे बघा!" मी म्हणालो.

भाभींनी ओढणीचं टोक धरून हात हलवला. मग गल्लीनं हलवला. सिंधूताईंनी ते सगळं मोबाइलमध्ये भरून घेतलं. भाभी पुटपुटत होत्या, डोळे वाहत होते, आणि मी लॅपटॉपचा पडदा हळूच खाली केला.

अलफियाचं विमान चाळीस मिनिटं उशिरा सुटलं होतं. ते खरोखरच डोणगाववरून गेलं, तेव्हा सगळे माझ्या घरात पोहे खात होते. हे मला संध्याकाळी मोबाइलवर कळलं. दुसऱ्याच्या अँटेनावरून.

दुसऱ्या दिवशी शाकिरभाई आले. बसस्टँडजवळ त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. गच्चीवर चढले, टाकीकडे पाहिलं.

"हे असं काऊन बांधलं? उंच पाह्यजे ना. मी खांब करून देतो."

"पैसे..."

"पैसे काय बोलून राह्यले! माह्या पोरीचं इमान दाखवलं तुम्ही."

दोन दिवस ते दुकान बंद ठेवून खपले. खांब उभा केला, तीन बाजूंनी तार ताणली. मी अँटेना टोकाला आणि डोंगल त्याच्याखाली एका डब्यात बसवलं, म्हणजे मधली केबल आखूड आणि सिग्नल जास्त. पहिल्याच तासाला पडदा विमानांनी भरून गेला. पूर्वेला नागपूरपर्यंत, पश्चिमेला नाशिकच्या पुढे. शाकिरभाई लहान मुलासारखे पाहत बसले. तेवढ्यात बेंगळूरू-इंदूर आलं, त्याच वेळेला, त्याच रेघेवरून.

"भालचंद्रभाऊ," ते म्हणाले, "हे त्या दिवशीसारखंच उत्तरेकडं चाललं. मुंबई तं पश्चिमेकडं."

पश्चिम कुठे, हे त्या माणसाला कुणी शिकवायला नको होतं. रोज पाच वेळा तो तिकडेच तोंड करून उभा राहतो. आणि मी त्याच्या बायकोला उत्तरेकडे हात करायला लावला होता.

मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी पाना पुसला, पिशवीत ठेवला.

"मी नाही सांगणार तिले. तुम्हीच सांगा."

भाभी अंगणात लसूण सोलत होत्या. ऐकून घेतलं. पाकळ्या सोलायच्या थांबल्या नाहीत.

"मंग मी हात कोणाले केला?"

"इंदूरच्या लोकांना."

"अन् दुआ?"

जमिनीची नोंद चुकली, तर दुरुस्तीचा अर्ज तरी असतो.

"सांगून तुमचं मन हलकं झालं असंन, भाऊ," भाभी म्हणाल्या. "माहं जड झालं. अलफियाले नोकरी लागली, मालूम आहे? मुलाखतीत घाबरली होती. सिंधूताईनं तो व्हिडिओ धाडला होता ना तिले. तोच पाहून आत गेली म्हणे. अम्मी खालून हात करून राह्यली होती, मंग कायले घाबरू, म्हणे."

मी उठलो. "तिलाही मीच सांगतो."

"बसा." पहिल्यांदाच भाभींचा आवाज चढला. "तिले एक शब्द सांगायचा नाही. मरेपर्यंत नाही. आता हे तुमचं काम."

म्हणजे खोटं टाकायला गेलो आणि त्याचाच राखणदार होऊन परतलो.

रविवारी अलफिया घरी आली. पेढे घेऊन थेट गच्चीवर, मागोमाग भाभी. पोरगी हुशार. खांब पाहिला, डबा पाहिला, पडद्यावर बोट ठेवलं.

"काका, जबरदस्त रेंज आहे! यात जुनी नोंद राहते ना? माझ्या विमानाची दाखवा. एकवीस तारीख."

नोंद होती. इंदूरची. माझ्या तोंडात पेढा होता, तो गिळवेना की थुंकवेना.

"तवा अँटिना लहान होता," भाभी म्हणाल्या. "त्यात लिहून नाही राहत होतं. नुसतं दिसत होतं. हाव ना, भाऊ?"

चौतीस वर्षं सरकारी कार्यालयात काढूनही इतकं सफाईदार खोटं मी ऐकलं नव्हतं. भाभींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या ओढणीच्या टोकानं लॅपटॉपवरची धूळ पुसत होत्या.

"हाव," मी म्हणालो.