राष्ट्रासाठी वाल

"आजपासून हा वाल आपला नाही, जयू! तो राष्ट्राचा आहे!" भय्यासाहेबांनी बाहेरच्या खोलीतून जाहीर केलं.

"मग राष्ट्राला सांगा, ती कढई घासून ठेव म्हणून," स्वयंपाकघरातून जयूताईंचं उत्तर आलं. "सकाळी सकाळी काय जाळलं तुम्ही तिच्यात?"

"ते राष्ट्रीय काम होतं," एवढंच बोलून भय्यासाहेब कोटाची बटणं लावू लागले. जुलैच्या उकाड्यात कोट घातलेला माणूस उज्जैनच्या साऱ्या नानाखेडा कॉलनीत तो एकच असावा. निवृत्तीच्या समारंभानंतर तो कोट कपाटाबाहेर आला नव्हता, कारण त्याच्या लायकीचं पुढे काही घडलंच नाही.

आधीही फारसं घडलं नव्हतं. उभी नोकरी त्यांनी वीज खात्यात बिलांच्या तक्रारी ऐकण्यात काढली. लोक त्यांना शोधत येत ते भांडायला. आपले पूर्वज शिंद्यांचे सरदार होते असं ते सांगत. खरं तर ते पागेवर दाणावैरणीचे कारकून होते, पण इतक्या पिढ्यांनंतर घोडे मोजायला कोण जातं? त्या पूर्वजांच्या सामानातून माळव्यात आलेला, काळ्या दाण्याचा अन् पांढऱ्या काठाचा वाल मात्र अस्सल होता. घरातल्या बायकांनी तो दर पावसाळ्यात कुंपणाशी लावायचा आणि पुरुषांनी हिवाळ्यात त्याची उसळ खायची, अशी कामाची वाटणी चालत आली होती.

दोन हिवाळ्यांपूर्वी दिल्लीच्या एका बियाणे-बँकेतल्या डॉ. निहारिका घरासमोरच्या रस्त्यानं चालल्या होत्या. कॉलनीतल्या साऱ्या वेली रोगानं पिवळ्या पडलेल्या, हीच एक हिरवीगार. त्या गाडीतून उतरल्या, पानं उलटून पाहिली आणि म्हणाल्या, असा वाल आमच्या संग्रहात नाही. मग तीन देशांतल्या शास्त्रज्ञांचा संयुक्त प्रकल्प ठरला. मेल गेले, बैठका झाल्या, सहकार्य कसं करावं यावर एक वेगळी बैठक झाली. इकडे सिंहस्थासाठी रस्ता रुंद व्हायचा होता. रस्त्याला कोणाशी सहकार्य करायचं नव्हतं, त्यामुळे तो वेळेत झाला. कुंपण गेलं, कुंपणावरची वेल गेली. उरली ती घरातली बियाण्याची बरणी.

तेच बियाणं न्यायला आज निहारिका आल्या. भय्यासाहेबांनी देवघरातला चांदीचा करंडा दोन्ही हातांनी पुढे केला. आत लाल कपड्यावर काळे दाणे चमकत होते. निहारिकांनी एक उचलला, नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काका, हे भाजलेत का?"

"मंद आचेवर," भय्यासाहेब अभिमानानं म्हणाले. "दिल्लीपर्यंत जायचं त्यांना. वाटेत भुंगा लागला तर उज्जैनची काय इज्जत राहील? तुम्ही चेक करून घ्या, एक दाणा किडका नाही निघणार."

"भुंगा नाही लागणार," निहारिका हळूच म्हणाल्या. "पण आता उगवणारही नाहीत. सगळेच भाजले?"

"बरणीतले होते तेवढे."

घरातल्या बायकांनी इतक्या पिढ्या जे राखलं, ते घरातल्या पुरुषानं एकदाच गॅसजवळ जाऊन संपवलं होतं. भय्यासाहेबांच्या कोटाच्या आत घामाची धार लागली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी भांडायला म्हणून नव्हे, काही मागायला म्हणून दारात आलं होतं.

जयूताई परात घेऊन बाहेर आल्या. "बरणीतले म्हणजे अर्धेच ना! बाकीचे तर मी परवाच भिजवले. पाहुणी घरी येणार, अन् तिला नुसते कच्चे दाणे देऊन टाटा करायचं? शोभतं का ते? बिरडं करते आहे मी."

निहारिका अशा उठल्या की खुर्ची मागे पडली. "काकू, शिजवले?"

"अजून कुठे? सोलते आहे ना. पाहा, मोड किती छान आलेत."

परातीत सोललेल्या दाण्यांचा ढीग होता. कडेला, साल अंगावर असलेले, मूठभर उरले होते.

"काकू, प्लीज, आता एकही सोलू नका, सोललेला मातीत कुजतो. मोड आलेलं आमच्या शीतपेटीत चालत नाही, तिथे वाळलेलं बियाणं लागतं. पण हे सालासकटचे लावता येतील. निम्मे मी आजच इंदूरच्या सहकाऱ्यांकडे नेते, निम्मे तुमच्याकडे. सगळं एका जागी ठेवायचं नाही. हिवाळ्यात शेंगा वाळल्या की मग दिल्ली, मग बाकीचे देश."

"म्हणजे तोवर ते सगळे देश माझ्या कुंड्यांकडे बघत बसणार?"

"हो, काकू."

"बसू द्या. मला सवय आहे. आमचे हे पण बसूनच असतात."

गच्चीवर जयूताईंनी दोन कुंड्यांतली सदाफुली उपटली आणि माती मोकळी केली. कोणी सांगितलं नव्हतं, तरी भय्यासाहेब कोटासकट खाली बसले. एक दाणा त्यांनी चिमटीत धरला, जणू जोरात धरला तर ओरडेल.

"अहो, उलटा लावता आहात तुम्ही. ते मूळ आहे, ते खाली जातं."

त्यांनी दाणा काढला, फिरवला, पुन्हा ठेवला. वर माती सारली आणि तळवा तसाच वर ठेवून बसले.

"जयू, उगवेल ना गं?"

"उगवेल. तुम्ही हात काढला तर."

त्यांनी हात काढला. मग दुसरा दाणा लावला, तिसरा लावला. हे मात्र सरळ लागले. निहारिकांनी आपल्या वाट्याचे दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवले.

भय्यासाहेब गुडघ्यावर हात देऊन उठले. कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत मातीनं भरल्या होत्या. त्यांनी त्या झटकल्या नाहीत. कुंड्यांत पाहण्यासारखं काहीच नव्हतं, तरी तिघं पाहत उभी राहिली.

"अहो," जयूताई म्हणाल्या, "असं टक लावून लवकर नाही उगवणार ते. सोललेल्याचं बिरडं तर करावंच लागेल. एक नारळ आणून द्या बरं. अन् हलवून पाहा, मागचा खराब निघाला होता."