पत्र्यावरचा पोचा

हिवाळा सरत आलेल्या एका सोमवारी, सकाळच्या प्रहरी, शहरातील सर्वांत जुने नाट्यगृह पाडण्यापूर्वी रिकामे करण्यात येत होते. आणि त्याच नाट्यगृहाच्या डाव्या विंगेत, तुळईला दोन दोरांनी टांगलेला मी माझी पाळी येण्याची वाट पाहत होतो. मी एक जुना पत्रा आहे.

मित्रांनो, ‘पत्रा’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे छप्पर येईल. त्यात तुमचा दोष नाही. परंतु ती चूक आहे, आणि चूक तशीच पुढे जाऊ देणे मला जमत नाही. माझ्या अंगावर पावसाचा थेंबही कधी पडलेला नाही. वादळ येत आहे, हे लोकांना पटवून देणे एवढेच माझे काम होते. मी रंगभूमीवरचा गडगडाट आहे.

कारखान्यात मी हवा त्याहून पातळ निघालो. छपराला निरुपयोगी ठरून दुकानाच्या कोपऱ्यात पडलो असता, एके दिवशी एक ठेंगणा, रुंद पंजांचा माणूस आला. प्रत्येक पत्र्याला टिचकी मारायची आणि कान लावून ऐकत बसायचे, असा त्याचा उद्योग सुरू झाला. दुकानदार वैतागला.

“अहो, पत्रा घेताय की कलिंगड?”

“कलिंगडच. फक्त आतून काळं निघायला हवं, ढगासारखं.”

असे म्हणत त्याने मला टिचकी मारली. बोट दूर झाले तरी माझे अंग या टोकापासून त्या टोकापर्यंत थरथरत राहिले. आपल्या पोटात एवढे मोठे काही दडले आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

नाटक मंडळीत त्या माणसाला सारे ढगोबा म्हणत. त्याने माझ्या खालच्या कडेला लाकडी मूठ बसवली. पहिले नाटक वादळात सापडलेल्या नावेचे होते. ढगोबाने मूठ हलकेच हलवली. दूर क्षितिजावर काहीतरी गुरगुरले. मग तो एकदम थांबला. लोकांना वाटले, वादळ टळले. “आभाळ एका दमात बोलत नाही,” तो माझ्या कानाशी पुटपुटला, “आधी श्वास घेतं.” आणि दुसऱ्याच क्षणी त्याने उजवा गुडघा माझ्या पोटात हाणला.

विंगेच्या फटीतून मी जे पाहिले ते अद्याप विसरलो नाही. धिप्पाड पुरुष खुर्चीत आक्रसले. एक मूल आईच्या कुशीत शिरले. आणि तिसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने, डोक्यावर भक्कम छप्पर असताना, पाऊस पडू लागला का हे पाहण्यासाठी तळहात पुढे केला! माझा आवाज ऐकून मीच थक्क झालो होतो. काही टीकाकार म्हणत, हा गडगडाट खोटा आहे. मी विचारतो, तो पुढे आलेला तळहातही खोटा होता काय?

प्रमुख नट मात्र कुरकुरे. “ढगोबा, तुमच्या गडगडाटात माझं वाक्य गेलं!”

“कुठं गेलं, साहेब? घाबरून तुमच्याच घशात बसलंय. पाणी प्या, येईल बाहेर.”

प्रत्येक प्रयोगात गुडघा नेमका एकाच जागी बसे. हळूहळू तिथे वाटीएवढा खोलगट पोचा पडला. तोच माझा सन्मान, असे मी समजत आलो. नटांना हार मिळत, दारातल्या भिंतीवर त्यांच्या तसबिरी लागत. ढगोबा त्यांपैकी एकीतही नाही. कारण तसबीर काढताना तो नेहमी माझे दोर ताणत असायचा.

पुढे तो थकला, आणि एक दिवस आलाच नाही. नंतर आले ध्वनिमुद्रित आभाळ. खटका दाबला की गरजू लागे. लोक माझ्या मुठीला कोट अडकवू लागले. “हा पोचा ठोकून सरळ करा रे,” असे एक व्यवस्थापक म्हणाले होते. सुदैवाने त्यांच्या हुकमाकडे कोणी फारसे लक्ष देत नसे.

तर त्या सोमवारी दोघी जणी आल्या. एक वृद्ध आत्या, कानांनी अधू. आणि तिच्या भावाची मुलगी. “आमचे आजोबा रंगभूमीवर गरजायचे,” असे आत्या जन्मभर सांगत आली होती. गरजायचे, म्हणजे मोठे नट असणार, असा घरातल्या सर्वांनी अर्थ लावला. आणि एकाही नाटकाच्या जाहिरातीत नाव सापडेना, तेव्हा सर्वांनी तिची थट्टा मांडली. उद्या भिंती पडल्या की शोधायला जागाही उरणार नव्हती.

भाचीने साऱ्या तसबिरी पाहिल्या. सध्याचे व्यवस्थापक चष्मा पुसत म्हणाले, “सगळे नट इथे आहेत, बाई. यात नाहीत, म्हणजे नव्हतेच.”

भाचीने आत्याच्या कानाशी वाकून ते सांगितले. आत्याने फक्त पदर सारखा केला आणि पहिल्या रांगेत उरलेल्या एकुलत्या खुर्चीवर जाऊन बसली.

इकडे भंगारवाला शिडी लावून माझ्या दोरांपर्यंत चढला होता. “कोंबड्यांच्या खुराड्यावर झकास बसेल हा,” तो म्हणाला. त्याचा धक्का लागून मी किंचित गुरगुरलो.

भाची वळली आणि विंगेत आली. “जरा थांबा हो, दादा. हा आवाज आमच्या घरातला आहे.”

“घरात पत्रा वाजवता?”

“परात. मूल रडायला लागलं की आमच्याकडे परात हलवतात. आत्याला तिच्या आजोबांनी शिकवलं, आत्याने आम्हाला. आमच्या घरात एक परात धड नाही!”

हसत हसत तिने माझी मूठ धरली. हलकेच हलवली. मग थांबली.

“झालं?” व्यवस्थापक म्हणाले.

“नाही. आता आभाळ श्वास घेतंय.”

मित्रांनो, हे शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकले होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. तिने गुडघा उचलला. तो न शोधता, न चाचपता, पोच्यात जाऊन बसला, जणू त्याचे माप घेऊनच पोचा पाडला होता.

आढ्यातले पारवे उडाले. वर्षानुवर्षांची धूळ पडद्यासारखी खाली आली. भंगारवाल्याने दोन्ही हातांनी शिडी कवटाळली, आणि व्यवस्थापकांनी, देवाशपथ सांगतो, तळहात पुढे केला.

भाची वाकून पोच्यावरून बोटे फिरवीत राहिली. मग भंगारवाला दोर न कापताच उतरला. “हा तुम्हीच न्या, ताई. माझ्याच्यानं नाही होणार.”

मित्रांनो, तुमच्या घरी पोचा आलेले एखादे भांडे असेल, तर ते सरळ करण्याआधी हा पोचा कोणाचा, एवढे विचारा. सरळ झालेला पत्रा ते पुन्हा सांगू शकत नाही.

आत्याला आवाज किती ऐकू आला, कोण जाणे; परंतु जमिनीतून तो तिच्या पावलांत चढला असावा. ती खुर्चीचा आधार घेऊन उभी राहिली आणि रंगमंचाकडे पाहत शांतपणे म्हणाली,

“नट नव्हते. पण गरजायचे, हे खरं.”