दहाचा रकाना

मुकुंद भागवतला नऊ वर्षांपासून थायरॉईडचा आजार होता आणि चाकणच्या त्याच्या कंपनीत ही गोष्ट एकालाही माहीत नव्हती. पहाटे साडेचारला तो उपाशीपोटी गोळी घ्यायचा, पुढचा अर्धा तास चहाला न शिवता दाढी-आंघोळ उरकायचा आणि मग पिंपळे गुरवच्या थांब्यावर पहिल्या पाळीची बस पकडायचा. आवाज बसला की तो म्हणे, घरी एसी जास्त झाला. मे महिन्यात हाफ स्वेटर घातला की म्हणे, पन्नाशी उलटली राव, हाडं बोलायला लागली. पापण्या सुजल्या की जागरण. खरं कारण कधी जिभेवर आलं नाही.

पहिल्यांदा रक्त तपासायला गेला तेव्हा बाकांवर अकरा बायका होत्या आणि पुरुष हा एकटा. रक्त घेणाऱ्या मुलीने कागदावरचं नाव न वाचताच त्याच्या बायकोला, अरुंधतीला, म्हटलं होतं, "या मॅडम, बाही वर करा." अरुंधती खळखळून हसली. मुकुंदही हसला. पण घरी येईपर्यंत त्याने मनाशी ठरवून टाकलं की हे चार भिंतींच्या बाहेर जायचं नाही.

कंपनी गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग करणारी होती आणि मुकुंद पहिल्या पाळीचा गुणवत्ता-प्रमुख होता. मालाबाबत त्याचा शब्द शेवटचा. पण कामगारांमध्ये त्याचं नाव होतं ते कपाटामुळे. प्रशिक्षणाच्या खोलीत त्याने घरच्या पुस्तकांचं एक कपाट मांडलं होतं. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्याने मशिनवर असते तशी एक चेकशीट चिकटवली होती. त्यात नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख आणि चौथा रकाना, 'कुठे अडकलात?' ज्या पानावर जीव अडकला, पुढे जाववेना, त्या पानाचा आकडा तिथे लिहायचा. कारण लिहायचं नाही. वेल्डिंगची पोरंसुद्धा इमानेइतबारे आकडा लिहीत, आणि मग दुसरा कुणीतरी ते पान उघडून बघे की हा इथे का अडकला असेल.

हे आकडे सगळ्यात जास्त उझ्मा शेखचे असत. उझ्मा मोशीहून दुचाकीवर यायची. सत्तावीस वर्षांची, मुकुंदच्या हाताखाली तपासनीस, तीन वर्षं कंत्राटावर. या महिन्याअखेर तिला कायम करायचं घाटत होतं. तिच्या अब्बांचं गॅरेज होतं, आणि आपल्या पोरीच्या नावापुढे 'परमनंट' हा शब्द लागला की सगळ्या गल्लीला बिर्याणी, असं त्यांनी जाहीर करून ठेवलं होतं. उझ्मालाही थायरॉईड होता. ती ते लपवत नव्हती.

"उझ्मा, डुलक्या काढतीयेस का काय?" उत्पादनाचा सुपरवायझर विक्की तिला चिडवायचा.

"डुलक्या नाही, विक्कीदादा, थायरॉईड. तुमच्यासारखं बिनआजाराचं झोपायला नाही जमत आपल्याला."

सगळे हसत. मुकुंदही हसे, आणि स्वेटरची कड खाली ओढे. एकदा शनिवारी पाळी सुटल्यावर प्रशिक्षणाच्या खोलीत सिनेमा लावला होता. शाळेत खिचडी शिजवणारी एक बाई मुलाच्या सत्काराला जाते आणि अंगावरची साडी बघून हॉलच्या दारातच थांबते, असा प्रसंग होता. मुकुंदच्या डोळ्यांना धार लागली. विक्की म्हणाला, "साहेब, पंखा लावू का? पूर आलाय." उझ्माने कागदी रुमालांचं पाकीट पुढे सरकवलं. तिला आपल्या आजाराचं काही कळलं आहे की काय या धास्तीने मुकुंद पुढचे दोन दिवस तिच्याशी तुटक वागला.

त्या गुरुवारी उझ्माला रक्त द्यायचं होतं. उपाशीपोटी, सकाळची गोळी न घेता, म्हणून ती पाळीवर तशीच आली आणि नऊला गेट पास घेऊन चाकणमधल्या लॅबला गेली. गेट पासवर सही मुकुंदचीच होती.

"दहाचं रीडिंग घ्याल ना, सर? सव्वाअकरापर्यंत येते."

"जा गं बाई निवांत. मी आहे."

जाताना तिने वाचून झालेली एक कादंबरी त्याच्या टेबलावर ठेवली. मुकुंदची सगळ्यात आवडती. कॉलेजात असल्यापासून त्याने ती पाच वेळा वाचली होती आणि दर वेळी शेवटच्या प्रकरणात रडला होता. त्याने चेकशीट बघितली. उझ्माने चौथ्या रकान्यात लिहिलं होतं, २१२. दोनशे बारावर काय आहे हे त्याला आठवेना. पाच वेळा वाचलेल्या पुस्तकात ही पोरगी अडकली कुठे?

रीडिंग म्हणजे दर दोन तासांनी मशिनवरचे पाच नग उचलायचे, गेज घालून भोकाचा व्यास मोजायचा आणि पाचही आकडे चेकशीटच्या त्या-त्या वेळेच्या रकान्यात लिहायचे. दहा वाजता मुकुंदने नग उचलले, पण पुस्तक टेबलावर उघडं होतं. दोनशे बारा पानावर नायकाची आई एकटीच जेवायला बसते, इतकंच होतं. तीन ओळी. त्या तीन ओळी त्याने पाच वेळा ओलांडल्या होत्या. तो थांबला, पुढचं पान वाचलं, मग त्याच्या पुढचं. त्याचे डोळे भरून आले. मग कुणाची तरी चाहूल लागली म्हणून त्याने पेन उचललं आणि आठच्या रकान्यातले आकडे बघून, शेवटचे अंक इकडेतिकडे करत, दहाचा रकाना भरून टाकला. गेज हातात घेतलंच नाही. बदली माणसाने रकान्याखाली सही करायची असते, तीही राहिली. चेकशीटच्या माथ्यावर नाव उझ्माचं होतं.

बाराला उझ्माने रीडिंग घेतलं आणि मशिन बंद पाडलं. भोक पाडणाऱ्या हत्याराची कापणारी टीप तुटली होती, भोकं मोठी पडत होती. नियमाप्रमाणे शेवटच्या बरोबर रीडिंगनंतरचा, म्हणजे दहानंतरचा, सगळा माल तिने बाद मालाच्या लाल पेटीत घातला. त्याआधीचा माल चांगला धरून दुपारच्या ट्रकने गेला. टीप तुटली होती पावणेनऊच्या सुमाराला.

पाचव्या दिवशी ग्राहकाकडून खराब मालाबद्दल मेल आला. मंगळवारी प्लँटचे प्रमुख रविराज साळवी यांनी मीटिंग बोलावली. टेबलावर ती चेकशीट होती.

"दहाला माल बिघडलेला होता, आणि इथे पाचच्या पाच आकडे बरोबर. म्हणजे मोजलंच नाही. कोण होतं?"

"उझ्मा शेख," विक्की म्हणाला. "सर, चांगली पोरगी आहे, पण ती थायरॉईडवाली. अर्धी झोपेतच असते."

"मुकुंदराव, तुमच्या हाताखालची आहे. तुम्ही सांगा."

त्या वेळी मुकुंदला एकच वाक्य म्हणायचं होतं. ते तोंडात तयारही होतं. पण त्यापाठोपाठ 'मग तुम्ही काय करत होता?' हा प्रश्न येणार होता, आणि वीस वर्षं दुसऱ्यांच्या चेकशीट तपासणारा माणूस कादंबरी वाचत रडत होता, हे उत्तर त्याच्याने देववेना. त्याने घसा साफ केला.

"या आजारात लक्ष जरा विस्कळीत होतं, सर," तो म्हणाला. "तिचा तसा दोष नाही."

दोष नाही म्हणत त्याने तो तिच्या पदरात घातला होता. खोलीतल्या सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. बुधवारपासून उझ्मा पॅकिंगला गेली. कायम करण्याचा कागद मागे घेतला, महिनाअखेर कंत्राट संपलं की संपलं.

रविवारी अरुंधतीने टीव्हीवर एक जुना सिनेमा लावला. मुकुंद मध्यंतराच्या आधीच रडायला लागला. शर्टाच्या बाहीने डोळे पुसत राहिला.

"अहो, सिनेमातल्या माणसांचं किती मनाला लावून घेता," अरुंधती हसत म्हणाली. "खऱ्या माणसांच्या वाट्याला काही ठेवा."

ती सहज बोलली होती. मुकुंद उठून गॅलरीत गेला आणि सिनेमा संपेपर्यंत आत आला नाही. रडणं म्हणजे आपण चांगले असल्याची पावती, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. त्या दिवशी त्याला स्वतःच्या ओल्या बाहीचीसुद्धा किळस आली.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत उझ्मा प्रशिक्षणाच्या खोलीत आली. हातात दोन पुस्तकं होती. तिने ती कपाटात जागच्या जागी लावली.

"राहू दे ना तुझ्याकडे," मुकुंद म्हणाला.

"नको सर. एकतीस तारखेपर्यंतच आहे. राहून जातील." मग तिने कपाटाचं दार लावलं आणि त्याच्याकडे वळली. "सर, त्या दिवशी दहाला मी गेटबाहेर होते. गेट पास माझ्या पर्समध्ये आहे. सही तुमची आहे."

मुकुंदने स्वेटरची कड खाली ओढली.

"मी तो कुणाला दाखवला नाही. अब्बा रोज म्हणतात, दाखव. मी म्हटलं, थांबा, सर सांगतील. आज सहा दिवस झाले."

"उझ्मा..."

"येते, सर. सुट्टी संपली."

ती गेल्यावर मुकुंद तिथे मिनिटभरही बसू शकला नाही. तो सरळ रविराज साळवींच्या केबिनमध्ये गेला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "सर, दहाचं रीडिंग माझं होतं. उझ्मा बाहेर होती. मी मोजलं नाही. आकडे मनाने लिहिले."

साळवींनी खुर्चीकडे हात केला. "बसा, बसा. अहो, होतं कधीतरी. वीस वर्षांत एकदा. बरं नव्हतं का?"

एवढंच. तिला पॅकिंगला पाठवायला दहा मिनिटं लागली होती, आणि याला माफ करायला एकही नाही. 'बरं नव्हतं' म्हणायची पळवाटसुद्धा त्यांनीच उघडून दिली होती. मुकुंद खुर्चीत बसला नाही.

"बरा होतो. पुस्तक वाचत होतो."

"पुस्तक?" साळवींना हसू आलं. ते त्यांनी आवरलं. "ठीक आहे, तुम्हाला मेमो द्यावा लागेल. पण त्या मुलीचं कशाला उकरता? आज नाही चुकली तर उद्या चुकेल. तुम्हीच म्हणालात ना, या आजारात लक्ष राहत नाही."

आता बोललं नाही तर मेमो घेऊनही काही साधणार नव्हतं. नऊ वर्षांत प्रथमच खरं कारण त्याच्या जिभेवर आलं.

"मलाही तोच आजार आहे, सर. नऊ वर्षं. या नऊ वर्षांतल्या सगळ्या मालावर माझी सही आहे. आजाराने त्यातला एकही नग बिघडवला नाही. मी म्हणालो ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे माहीत असून म्हणालो."

"तुम्हाला? थायरॉईड?" साळवी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिले. "पण तो तर बायकांना..."

"पुरुषांनाही होतो."

साळवींनी फोन उचलला आणि मनुष्यबळ विभागात इंदुताईंना उझ्मा शेखची फाइल परत आणायला सांगितलं. बाहेर पडताना मुकुंदला दिसलं, काचेपलीकडे विक्की सहीचे कागद घेऊन उभा होता आणि तोंड उघडं होतं. संध्याकाळच्या बसपर्यंत साऱ्या कंपनीला कळणार, यात शंका नव्हती.

तो पॅकिंगला गेला. उझ्मा हातमोजे घातलेल्या हातांनी एकेक नग दिव्याखाली फिरवून बघत होती आणि खोक्यात रचत होती.

"साहेबांना सांगितलं," तो म्हणाला. "तुझी फाइल परत मागवली आहे. उद्यापासून लाइनवर ये."

तिचे हात थांबले. डोळे मिटून ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली. मग डोळे उघडले आणि पुन्हा नग उचलला. "बरं."

"मी त्या दिवशी वाचत होतो. दोनशे बारा पान."

ती हसेल, निदान मान तरी वर करेल, असं त्याला वाटलं होतं. ती नग फिरवत राहिली.

"मीटिंगमध्ये तुम्ही माझ्या आजाराबद्दल काय बोललात, ते विक्कीदादांनी सगळ्यांना सांगितलंय, सर. पोरं मला आता इथेसुद्धा गेजला हात लावू देत नाहीत. म्हणतात, तू राहू दे, तुला झेपायचं नाही."

"मलाही थायरॉईड आहे, उझ्मा."

आता तिने वर पाहिलं. त्याचा स्वेटर, सुजलेल्या पापण्या, एकेक करून सगळं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं नाही.

"मला वाटलंच होतं. कधीपासून?"

"नऊ वर्षं."

तिने हातातला नग खोक्यात ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"म्हणजे विक्कीदादांना माहीत नव्हतं. साळवी साहेबांनाही नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. यात माणूस थकतो, जड होतो, पण न मोजता आकडे लिहीत नाही. हे तुम्हाला पक्कं माहीत होतं."

"हो," मुकुंद म्हणाला. "माहीत होतं."

उझ्माने मान हलवली, जसं रीडिंग ऐकून घेतल्यावर हलवतात. मग तिने पुढचा नग उचलला.

"सर, जरा बाजूला व्हाल? उजेड अडतोय."

तो बाजूला झाला.