लिमाचा पाचवा फाउल

ओनेसिमो काबाहुगच्या पत्राला मी चार वर्षं उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं होतं असंही नाही. ते माझ्या टेबलाच्या खणात चष्म्याच्या घराखाली होतं, आणि चष्मा मला दिवसातून दहा वेळा लागतो.

पत्र लहान होतं. "मास्तर, चर्चमध्ये मिस्साला तुम्ही माझ्याच पुढच्या बाकावर बसता. पण तोंडावर विचारलं तर तुम्ही मान खाली घालाल आणि मी आवाज चढवीन, म्हणून लिहितो. अठ्ठ्याऐंशीच्या फायनलला माझे फाउल चार होते की पाच? मला चारच आठवतात. मी सत्तरीचा झालो. माझ्या नातवालासुद्धा आपल्या तालिसान गावात लिमाचा नातू म्हणतात."

आमच्या भाषेत लिमा म्हणजे पाच. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. स्वतःचे फाउल मोजता न आल्यामुळे ज्याने गावाचं विजेतेपद घालवलं, तो लिमा.

पत्र आल्यापासून मी पहाटेच्या मिस्साला जाऊ लागलो.

आमची सामुद्रधुनी बास्केटबॉल लीग पन्नास वर्षांची झाली. पाच गावं, आणि हंगामाला तांदळाचं एक पोतं व बुटांचा एक जोड यावर खेळणारे कोळी, सुतार, ट्रायसिकलवाले. गुण लिहायला पहिल्या वर्षापासून मीच, कारण माझं अक्षर बरं आणि तोंड बंद. विजेत्यांची पुरती यादी माझ्याशिवाय कोणाकडे नाही. १९८१ : विजेता नाही, वादळाने दोन्ही बोर्ड नेले, एक पुढे खेकड्यांच्या जाळ्यात सापडला. १९९४ : तालिसान, कारण बुगनाय गावाने बाहेरून आणलेले दोन उंच खेळाडू पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीतून पळालेले निघाले आणि मध्यंतरात तिथले रेक्टर स्वतः त्यांना न्यायला आले. या पाच गावांत एखाद्या गोष्टीची खात्री द्यायची तर लोक म्हणतात, "हा मास्तरांचा कागद आहे." ते ऐकलं की मी चष्मा पुसायला घेतो.

अठ्ठ्याऐंशी हे निवडणुकीचं वर्ष. एका उमेदवाराने तालिसानलाही जर्सी दिल्या आणि बुगनायलाही. दोन्ही पिवळ्या, दोन्हींच्या पाठीवर त्याचाच हसरा चेहरा. कोणाला नाही कसं म्हणणार? जत्रेला वर्गणी त्यानेच दिली होती. शेवटी ठरलं की बुगनायवाल्यांनी मनगटाला लाल रुमाल बांधायचे. दुपारच्या उन्हात दहा मिनिटांत ते सगळे रुमाल घाम पुसायच्या कामाला लागले. चर्चसमोरच्या सिमेंटवर दहा पिवळे पुरुष धावत होते आणि पब्लिक आपल्याच माणसांना शिव्या घालत होतं. (तो उमेदवार पुढे दोन्ही गावांत पडला.)

मी टेबलाखाली पुस्तक वाचत होतो.

दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला कोणीतरी पडलं, शिट्टी वाजली. मी मान वर केली तर रेफरी दियोस्कोरो माझ्याकडे बघून सात बोटं दाखवत होता. सात नंबर दोन्ही संघांत होता. तालिसानचा सात म्हणजे ओनेसिमो, आमचा कॅप्टन. विचारायला हवं होतं. पण एवढ्या लोकांसमोर उठून "कोणता सात?" असं ओरडायचं? आमचा सात जास्त आडदांड, म्हणून मी त्याच्याच नावापुढे खूण केली आणि पान उलटलं. पुस्तकाचं.

दोन मिनिटं उरली असताना ओनेसिमोचा पाचवा फाउल मी जाहीर केला.

"पाचवा? अहो, चौथा!" तो किंचाळला.

दियोस्कोरो माझ्या कागदावर वाकला. "इथे पाच लिहिलेत. मास्तरांनी लिहिलेत."

"मग मास्तरांना विचार की!"

"कागद असताना माणसाला काय विचारायचं? चल, बाहेर!"

बुगनाय एका गुणाने जिंकलं. बक्षिसाचं डुक्कर सकाळपासून निखाऱ्यावर फिरतच होतं. दियोस्कोरोने एक कुरकुरीत तुकडा माझ्या ताटात टाकला आणि म्हणाला, "दुसऱ्या हाफला बुगनायच्या सातला फाउल करताना कसा पकडला मी, बघितलंत ना?"

मी बघितलं नव्हतं. तो तुकडा मी चावलाच नाही, तसाच गिळला.

आता लीगचा इतिहास छापायचा आहे. अध्यक्ष आबुंदियो, बुगनायचेच, यांनी यादी मागितली. गेल्या आठवड्यात मी अठ्ठ्याऐंशीच्या ओळीपर्यंत आलो आणि तिथेच बसून राहिलो. माझी थोरली बहीण, मनाय फेली, सुकी मासळी निवडत होती. तिला सगळं सांगितलं.

"सदतीस वर्षं?" ती म्हणाली. "अरे, पाद्रीबाबांना तरी सांगितलंस का?"

"त्यांनी विचारलं नाही."

"शाबास! आता त्या बिचाऱ्याला लिही."

मी लिहायला बसलो. संध्याकाळपर्यंत अकरा पानं झाली. सुरुवात लीगमधल्या गुणलेखनाच्या पद्धतीपासून. मनायने तीन पानं वाचली आणि चष्मा काढला.

"यात तो कुठे आहे?"

"नवव्या पानावर."

"त्याने चार की पाच एवढंच विचारलंय ना रे? नवव्या पानापर्यंत तो जगायला नको?"

मग मी अध्यक्षांना फोन केला. बोलायचं ते आधी लिहून घेतलं होतं.

"मास्तर," ते हबकून म्हणाले, "ते डुक्कर केव्हाच खाऊन झालं हो! आता काय परत आणू?"

"विजेता बुगनायच राहील," मी वाचून दाखवलं. "फक्त खाली एक ओळ येईल."

"पण लोक म्हणतील मास्तरांचा कागद खोटा! मग बाकीच्या एकोणपन्नास वर्षांचं काय?"

याचं उत्तर मी लिहून घेतलं नव्हतं. "म्हणू देत," म्हणालो, आणि फोन ठेवला.

ती ओळ अशी : 'तालिसानचे कॅप्टन ओनेसिमो काबाहुग यांना चार फाउलवर बाहेर काढण्यात आले. चूक गुणलेखकाची.' तीच मी पत्रात उतरवली. खाली लिहिलं, 'मी पुस्तक वाचत होतो. मला माफ करा.' सही केली आणि पोस्टात गेलो.

खिडकीतल्या बाईंनी पाकीट उलटसुलट पाहिलं. "ओनेसिमो काबाहुग? आपल्या गावात या नावाचं कोण आहे?"

"बोटीच्या धक्क्याजवळ राहतात. सुतार."

"अय्या, लिमा होय! मग तसंच लिहायचं ना. आणि तो हा काय समोर चहा पितोय, हाक मारू?"

"नको!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की रांगेतले सगळे वळले. "टपालानेच जाऊ द्या. आणि बाई, त्यांचं नाव ओनेसिमो."

बाईंनी माझ्याकडे जरा बघितलं, मग शिक्का मारला आणि पाकीट पोत्यात टाकलं.