उंच पेला, बुटका पेला आणि तेवढंच पाणी

मित्रांनो, मी काचेचा पेला आहे. आता जुना झालोय, काठावर एक बारीकसा टवकाही उडालाय. पण खरं सांगू? माझ्यातून आजवर कुणी घोटभर पाणीसुद्धा प्यायलेलं नाही. हसू नका! पेल्याचा जन्म घेऊन कुणाची तहान भागवली नाही, तरी माझं आयुष्य काही वाया गेलेलं नाही. कसं ते ऐका.

माझा जन्म काचेच्या भट्टीपाशी झाला. मला घडवणारा कारागीर भारी गप्पिष्ट होता. लांब नळीच्या टोकाला तापलेला काचेचा गोळा, दुसऱ्या टोकाला याचं तोंड, आणि दोन फुंकरांच्या मध्ये शेजाऱ्याशी गप्पा. त्या गप्पांच्या नादात मी जरा जास्तच ओढला गेलो आणि काठीसारखा उंच, सडपातळ झालो. मुकादमाने मला उचलून उजेडात धरलं आणि विचारलं, "हा पेला आहे की बासरी?" सगळी भट्टी हसली. मला मात्र माझी उंची पहिल्यापासून आवडली होती. आजही आवडते.

दुकानात मात्र माझे हाल झाले. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला उचलायचं, आत बोटं घालून बघायचं आणि म्हणायचं, "छे, हात आत जात नाही. घासायचा कसा?" माझ्याबरोबर आलेले पेले एकेक करून संसाराला लागले, आणि मी फळीवर तसाच. अशा वेळी एक दिवस बाई आल्या. चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, चालणं झपाझप. त्यांनी मला बघितलं मात्र, एकदम खूश! "अगदी असाच हवा होता," त्या म्हणाल्या. शिवाय दोन बुटके, रुंद, हुबेहूब सारखे पेले घेतले आणि आम्हा तिघांना कागदात गुंडाळून घेऊन गेल्या. मी म्हटलं, चला, उंचीची कदर असणारं माणूस भेटलं एकदाचं.

बाई शिक्षकांना शिकवत. म्हणजे जे पुढे शाळांमधून शिक्षक होणार, त्यांना मुलं कशी वाढतात, कशी विचार करतात, ते त्या सांगत. त्यांच्या विद्यालयाच्या तळमजल्यावर एक उजेडाची खोली होती. तिथे ठेंगणं टेबल, इवल्या खुर्च्या आणि कितीही आवळला तरी टपटपणारा एक नळ. भिंतीपलीकडे लहान मुलांची शाळा होती. तिथली मुलं आमच्या खोलीत यायची आणि बाईंचे विद्यार्थी मागे बाकावर बसून बघायचे.

आमचा खेळ सोपा होता. दोन्ही बुटक्या पेल्यांत बाई निळं पाणी ओतायच्या, अगदी सारखं. मग मुलाला विचारायच्या, "बाळ, दोन्हींत पाणी सारखं आहे का?" मूल वाकून, डोळा बारीक करून बघायचं आणि म्हणायचं, "हो." मग बाई एका बुटक्यातलं सगळं पाणी त्याच्या डोळ्यांदेखत माझ्यात ओतायच्या. माझ्यात ते चांगलं वरपर्यंत चढायचं. मग पुन्हा प्रश्न, "बाळ, आता दोन्हींत पाणी सारखं आहे का?" आणि लहान मुलं माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "यात जास्त!"

काय सांगू, माझी छाती फुगायची! थेंबभर पाणी वाढलेलं नाही, तरी मान माझा. बुटके दोघे कुरकुरायचे, "अरे, नुसती उंची बघून भुलतात." मी म्हणायचो, "जळू नका."

बाई त्या मुलांना कधी हसल्या नाहीत, आणि बाकावर कुणी खुसखुसलं तर चष्म्यावरून असं बघायच्या की खुसखुस जागच्या जागी थिजायची. त्या सांगायच्या, "मूल म्हणजे छोट्या मापात शिवलेलं मोठं माणूस नव्हे. त्याला एका वेळी एकच गोष्ट ठळक दिसते. उंची दिसली की रुंदी डोळ्यांआड होते. फार वर्षांपूर्वी एका विद्वानाने मुलांजवळ बसून, त्यांना विचारून विचारून हे शोधलं. पुढे सहा-सात वर्षांच्या आसपास मूल स्वतःच म्हणतं, की पाणी तेवढंच आहे. ते पढवून येत नाही."

बाई स्वभावाने मायाळू, पण कामात एकदम काटेकोर. प्रत्येक मुलाला तोच प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच आवाजात. कुणी म्हटलं, जरा बदलून विचारा की, तर उत्तर तयार असायचं, "हे शास्त्र आहे. भाजीबाजार नव्हे, गिऱ्हाईक बघून भाव बदलायला."

इथवर सगळं छान चाललं होतं. पण शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आमच्या खेळाचा फारच लळा लागला. ते बाईंना म्हणाले, "पहिलीत कुणाला घ्यायचं आणि कुणाला वर्षभर बालवर्गातच ठेवायचं, हे तुमच्या पेल्यांवरूनच ठरवू या. म्हणजे वशिल्याला वाव नको." बाई आधी नको म्हणाल्या, मग आढेवेढे घेत हो म्हणाल्या. झालं! रोज रांग लागायला लागली. पूर्वी बाई मुलाचं उत्तर ऐकून "का बरं?" असंही विचारायच्या आणि मूल काय बोलतं ते निवांत ऐकायच्या. आता वेळ कुठला? "का बरं?" मागे पडलं. सारखं म्हणणारा पहिलीत, जास्त म्हणणारा बालवर्गात. मला अजून वाटायचं, वा, काय आपला रुबाब! एका पेल्याच्या जोरावर शाळा चालते.

आणि एका सकाळी गुंडी आणि बोका आले.

ती जुळी भावंडं. गुंडी म्हणजे बटणाएवढी, टपोऱ्या डोळ्यांची मुलगी. बोका तिचा भाऊ, नावाला शोभेल असाच, गुबगुबीत आणि आतल्या गाठीचा. दोघं एका ताटात जेवायची, एका पांघरुणात झोपायची आणि एकमेकांची भांडणंही एकमेकांनाच सांगायची. त्यांची आई बसमध्ये कंडक्टर होती. खाकी कपडे, खांद्याला चामडी पिशवी आणि आवाज असा की खोलीतला नळसुद्धा क्षणभर टपकायचा थांबला.

आधी बोका आला. दोन्ही वेळा "सारखं, सारखं" म्हणाला आणि सुटला. मग गुंडी. तिने पहिल्यांदा नीट बघून "सारखं" म्हटलं. पाणी माझ्यात ओतलं जाताना तिने डोळे हलवले नाहीत. बाईंनी पुन्हा विचारलं. गुंडीने माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, खाली बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "यात... जास्त."

झाला निकाल. बोका पहिलीत, गुंडी बालवर्गात.

दुसऱ्या दिवशी आई दोघांना घेऊन थेट खोलीत आली. बाई दारापाशीच उभ्या होत्या. "बाई, हे काय हो? एकाच वेळी जन्मलेली पोरं माझी. एकाचं तिकीट फाडायचं आणि दुसरीला स्टॉपवर उभं ठेवायचं?"

"अहो, शिक्षा नाही ही," बाई समजावत होत्या. "थोडी उशिरा उमलेल, एवढंच."

"काल रात्री ती जेवली नाही. मला विचारते, आई, मी ढ आहे का? काय सांगू मी तिला? आणि हा बोका! तिच्याशिवाय वर्गात पाऊल टाकणार नाही म्हणतो. आणि टाकेल तरी कसा? चपला कुठे काढल्यात ते रोज तीच सांगते त्याला."

मित्रांनो, मला त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या उंचीचं ओझं वाटलं. ती पोर कोपऱ्यात उभी होती. तिच्या हातात हात घालून बोका. मी मनात म्हटलं, एवढ्याशा निळ्या पाण्यापायी ही जोडी फोडायची? पण पेल्याला तोंड असलं तरी बोलता थोडंच येतं!

मोठी माणसं वाद घालायला लागली की लहान माणसं आपला उद्योग शोधतात. गुंडी ठेंगण्या टेबलाशी आली. टेबलावर आम्ही तिघे होतोच, शेजारच्या भांड्यात निळं पाणीही होतं. तिने ते दोन्ही बुटक्यांत सारखं ओतलं. ती बाईंच्या खुर्चीत बसली, नाकावर नसलेला चष्मा सारखा केला आणि बोक्याला समोर बसवून बाईंच्याच आवाजात म्हणाली, "बाळ, दोन्हींत पाणी सारखं आहे का?"

"हो," बोका म्हणाला.

तिने एका बुटक्यातलं पाणी माझ्यात ओतलं. थोडं टेबलावर सांडलं, ते फ्रॉकने पुसलं. "बाळ, आता दोन्हींत पाणी सारखं आहे का?"

"हो."

"अरे वेड्या, आता 'हो' नाही म्हणायचं!"

दारातला वाद तेवढ्यापुरता थांबला. बाईंनी मान वळवली.

"का नाही म्हणायचं?" बोक्याने विचारलं.

"कारण बाईंनी परत विचारलं ना! पाणी तर तेवढंच आहे. इकडचं तिकडे ओतलं, नवीन कुठून येणार? पण मोठी माणसं तेच तेच परत विचारतात, म्हणजे आपलं पहिलं चुकलेलं असतं. आई विचारते, हात धुतलेस? आपण म्हणतो, हो. आई परत विचारते, हात धुतलेस? मग आपण मुकाट्याने धुवायला जातो की नाही?"

बोका विचारात पडला. ते त्याला पटलं असावं, कारण हात त्यानेही कधी पहिल्या विचारण्याला धुतले नसावेत. "मग तू दोन्ही वेळा सारखं का म्हणालास?" गुंडीने विचारलं.

"मी बघितलंच नाही. माझ्या आधीचा मुलगा सारखं म्हणाला, तर त्याला लगेच सोडलं. आणि बाहेर आईजवळ बिस्किटं होती."

"पण खरं कशात जास्त आहे?"

बोक्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "या लंबूत. दिसत नाही का तुला?"

पदर नव्हता म्हणून आईने तोंडाला तिकिटांची पिशवीच लावली, पण हसू काही आवरलं नाही. "अगं बाई गं! म्हणजे माझं ते 'हात धुतलेस?' विचारणंच नडलं!"

बाई मात्र हसल्या नाहीत. त्या एका इवल्या खुर्चीत बसल्या, गुडघे हनुवटीला लागले तरी बसल्या. मग म्हणाल्या, "नाही हो, नडला तो माझा प्रश्न. शब्द बदलायचा नाही म्हणून मी हटून बसले, आणि तोच प्रश्न दोनदा ऐकून मुलांना काय वाटत असेल, याचा विचारच केला नाही. एकदा नुसतं 'का बरं' विचारलं असतं, तर दोघांनी सगळं सांगितलं असतं." आणि मग त्यांनाही हसू फुटलं. "जिला कळतं तिला मी मागे ठेवत होते, आणि ज्याला बिस्किटं कळतात त्याला पुढे ढकलत होते!"

आईचं हसू एकदम मावळलं. तिने बोक्याला जवळ ओढलं. "म्हणजे आता याला मागे ठेवणार की काय?"

"कुणालाच नाही," बाई म्हणाल्या. "पाणी तेवढंच आहे हे त्याला आज नाही कळलं, तर काही महिन्यांनी कळेल. त्यासाठी पहिलीचं दार बंद कशाला? दार उघडण्यासाठी हा खेळ नव्हताच कधी." आणि त्या तशाच उठून, भिजल्या टेबलाकडे न बघता, मुख्याध्यापकांकडे गेल्या. काय बोलणं झालं मला माहीत नाही. पण परतल्या तेव्हा म्हणाल्या, "दोघंही पहिलीत, एकाच वर्गात. आणि बालवर्गात मागे ठेवलेल्या सगळ्या मुलांना मी पुन्हा भेटणार आहे. पेल्यांशिवाय."

गुंडीने विचारलं, "मग मी ढ नाही?"

बाईंनी तिला मांडीवर घेतलं. "नाही गं राणी. तू तर आज मला शिकवलंस."

मला फार आनंद झाला, पण त्याच आनंदात माझी नोकरीही गेली. आम्हा तिघांची रवानगी कपाटाच्या वरच्या फळीवर झाली. धूळ बसली, एका कोळ्याने माझ्या तोंडावर जाळं विणलं. बुटके म्हणाले, "काय लंबूशेठ, कुठे गेला रुबाब?" दिवस वाईट गेले, खोटं कशाला बोलू? पण भिंतीपलीकडून रोज गुंडीचा आणि बोक्याचा मिळून गलका ऐकू यायचा, आणि मला वाटायचं, असू दे. स्वस्त पडलं.

मग एक दिवस बाईंनी आम्हाला खाली उतरवलं, स्वच्छ धुतलं आणि खोलीच्या मधोमध पाण्याने भरलेल्या एका मोठ्या टबाशेजारी ठेवलं. प्रश्न नाही, निकाल नाही. मधल्या सुट्टीत ज्याला यायचं त्याने यावं आणि हवं तसं ओतावं. बाई शेजारी बसून नुसत्या बघायच्या. माझ्या काठाचा टवका तेव्हाचाच. सगळ्या मुलांना मीच हवा असायचो, ओढाताणीत नळाला आपटलो. बाईंनी काठ घासून गुळगुळीत केला आणि मी पुन्हा कामावर हजर!

गुंडी आणि बोका रोज यायचे. बोका अजून लंबूलाच जास्त म्हणायचा. गुंडीला राहवायचं नाही, ती बोलायला तोंड उघडायची, तेवढ्यात बाई हळूच म्हणायच्या, "सांगू नकोस गं. त्याचं त्याला सापडू दे." बिचारी गुंडी! असं गप्प बसणं फार अवघड असतं. मोठ्या माणसांना जमत नाही, ते ती जमवत होती.

एके दिवशी बोक्याने बुटक्यातलं पाणी माझ्यात ओतलं. माझ्यातलं परत बुटक्यात ओतलं. पाणी आधी होतं तिथेच येऊन थांबलं. त्याने भुवया वर केल्या. पुन्हा माझ्यात ओतलं, पुन्हा बुटक्यात. बाहीपर्यंत भिजला, फरशीवर तळं झालं. मग तो थांबला. माझ्याकडे बघितलं, बुटक्याकडे बघितलं, आणि त्याचा गुबगुबीत चेहरा असा उजळला की काय सांगू!

"गुंडे! अगं, हे तेवढंच आहे! लंबू नुसता बारीक आहे म्हणून वर चढतंय!"

गुंडीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं, गाल फुगले होते. आता तिने हात काढले आणि ओरडली, "होऽऽऽ!" दोघं त्या तळ्यात थयथय नाचायला लागली. मला बारीक म्हटलं म्हणून मी जराही रागावलो नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं धाकटं भावंड असेल. ते चुकीचं काही बोललं की उत्तर तुमच्या ओठांवर येईल. तेव्हा त्याला हसू नका, आधी "का बरं?" विचारा, आणि मग गुंडीसारखं तोंड दाबून थोडं थांबा. पाणी सांडेल, सांडू द्या. फरशी पुसता येते. पण "अगं, हे तेवढंच आहे!" असं ओरडायची पाळी त्याची होती आणि ते आपणच आधी सांगून टाकलं, तर ती पाळी त्याला पुन्हा कुठून आणून देणार?