मागची शिवण

माणसाच्या तोंडाकडं न बघता पायांकडं बघणाऱ्या लोकांची मला शिसारी येते. आणि माझा अख्खा जन्म गेला त्यांचेच बूट शिवण्यात. आमच्या लिमरिककडं नोव्हेंबर लागला की घोड्यावरून कोल्ह्यामागं धावायचा हंगाम सुरू होतो, आणि त्याआधी महिनाभर ही मंडळी माझ्या दुकानात तंगड्या पुढं करून बसतात. ऑक्टोबरात तपकिरी बूट चालतात, नोव्हेंबरात काळेच लागतात. वरचा बदामी पट्टा कुणी लावायचा आणि कुणी नाही, यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झालेले मी पाहिलेत. हरणाच्या नळीच्या हाडानं चामडं घासायचं, घासायचं, स्वतःचं थोबाड त्यात दिसेपर्यंत घासायचं. मग तेच बूट चिखलात घालून एका कोल्ह्याची आतडी बाहेर निघताना बघायची. थू!

या सगळ्यांत ओंगळ आमचा मास्टर, म्हणजे शिकारीचा म्होरक्या, मेजर ओडेल. चर्चमध्ये प्रार्थना चालू असतानासुद्धा त्याची नजर लोकांच्या टाचांवर.

त्या साली कुत्र्यांच्या झुंडीला आवर घालायला पगारी स्वार हवा होता. नेसा कलहेन पुढं आली. चोवीस वर्षांची, गवळ्याची मुलगी, आणि घोड्यावर बसली की पंचक्रोशीतले बाप्ये गप्प व्हायचे. बाईला ही जागा आमच्याकडं कधी मिळाली नव्हती. मेजर तिला घेऊन दुकानात आला, तो काखेत बूट मारूनच.

ते बूट माझेच. बारा वर्षांपूर्वी आधीच्या मास्टरसाठी शिवलेले. तो मेल्यावर ते कुत्रेघराच्या मालकीचे झाले, आणि जो ही स्वाराची जागा घेईल त्यानं तेच घालायचे असा रिवाज पडला. तो मास्टर काटकुळा होता. नेसाच्या पोटऱ्या राबणाऱ्या बाईच्या होत्या.

"बसले तर जागा तुझी," मेजर म्हणाला. "नाही बसले तर मुकाट घरी जाऊन गाई पिळ. मोरोनीचा पोरगा तयारच आहे, त्याचे पाय बारीक आहेत."

"बसतील की," नेसा म्हणाली.

शिकारीचा बूट कसा निवडावा हे मी गिऱ्हाइकांना चाळीस वर्षं सांगत आलोय. घोट्यापाशी किंचित सैल हवा. घोड्यावरून पडलात आणि पाय रिकिबीत अडकला, तर बूट तिथं राहावा आणि पाय सुटावा. हे त्या दिवशी मी बोललो नाही. कारण ते बूट म्हणजे माझ्या हातून झालेलं सगळ्यांत चांगलं काम होतं. मागची शिवण तर भिंग लावूनही दिसत नव्हती. ते एखाद्या पायाला बसत नाहीत हे मला ऐकवत नव्हतं. मी आत पावडर टाकली, आतल्या पट्ट्यांत बूट ओढायचे आकडे अडकवले. नेसा टेबलाला टेकून आकडे ओढत राहिली आणि मी तळव्याकडून रेटत राहिलो.

"अगदी छान," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी तरारलं होतं.

"काय रे जेर?" मेजरनं मला विचारलं.

"बसलेत, मास्टर," मी म्हणालो.

हंगामाच्या पहिल्याच दिवशी मी नेहमीसारखा माझ्या खटारा गाडीतून शिकारीच्या मागं निघालो होतो. एका उंच बांधावर नेसाचा घोडा घसरला. ती डावीकडं पडली आणि पाय रिकिबीत राहिला. सैल बूट असता तर ती चिखलात बसून घोड्याला शिव्या घालत राहिली असती. या बुटानं पाय सोडला नाही. घोड्यानं तिला शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फरफटत नेलं.

मी पोचलो तेव्हा घोडा धरला होता. तिचा पाय भलतीकडंच वळला होता आणि आतल्या आत सुजत होता.

"जेर, काढा हो हा बूट," ती कण्हत होती. "पाय फुटतोय माझा."

मेजर चिखलात गुडघ्यांवर बसला होता, त्याच त्या चकचकीत बुटांसकट. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. "चाकू आहे ना तुझ्याकडं?" तो ओरडला. "काप की, गाढवा! बघतोस काय?"

चाकू होता. मी त्याचं टोक वर, मागच्या शिवणीत घातलं आणि एक टाका उसवला. मग दुसरा. मग तिसरा.

"वेळ का लागतोय?" मेजर किंचाळला.

"चामडं जाड आहे, मास्टर."

खोटं. वासराचं पातळ चामडं ते, लोण्यासारखं कापलं गेलं असतं. पण कापलेलं चामडं पुन्हा जुळत नाही, उसवलेलं जुळतं. जन्मभर बूट घासूनही मेजरला चामड्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्याला ते पटलं. नेसानं स्वतःची बाही दातांत धरली होती. बूट निघाला तेव्हा बोटं काळीनिळी पडली होती.

हाड जुळलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. रक्त फार वेळ अडलं होतं. अर्धं पाऊल काढावं लागलं.

बूट मी परत शिवला. मोरोनीचा पोरगा तो घालतो. कुठं उसवला होता ते शोधून दाखवा, असं मेजर लोकांना सांगतो. अजून कुणाला सापडलेलं नाही.

ईस्टरनंतर नेसा काठी टेकत दुकानात आली. तिला पुढच्या बाजूला भरण घातलेला बूट हवा होता. मी खाली बसून माप घेऊ लागलो. मोरोनीच्या पोराचे तेच बूट पॉलिशला आले होते, शेजारीच उभे होते. तिनं एक उचलला आणि मागच्या बाजूनं अंगठा वरून खाली फिरवला.

"किती टाके होते हो, जेर?"

"एकशे ब्याऐंशी," माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं बूट होता तिथं परत ठेवला.

"म्हणजे मोजत होतात तुम्ही," ती म्हणाली.

तिच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत झाली नाही. मी फीत धरून तिच्या पायाकडंच बघत राहिलो.